स्मार्ट कॅज्युअलचा हिशेब

गेल्या नोव्हेंबरमधली गोष्ट. महिनाअखेरीचा आठवडा. ऑफिसात सगळ्यांना एक मेल आला. दोन मोठे ग्राहक बाहेरून येणार आहेत, त्यानिमित्त शुक्रवारी रात्री आठ वाजता लोअर परळच्या एका हॉटेलात जेवण. सर्वांनी अवश्य यावं. शेवटी एक ओळ होती. पोशाख : स्मार्ट कॅज्युअल.

ती ओळ माझ्या डोक्यात चार दिवस फिरत राहिली. आता तुम्ही म्हणाल, बायकांचे एवढे प्रश्न समोर असताना आपल्या अंकात हे कपड्यांचं काय घेऊन बसलीस? मीही आधी स्वतःला हेच म्हटलं. पण मी हिशेबाचं काम करणारी बाई. एखादी रक्कम कोणाच्याच वहीत दिसत नाही, पण कोणाच्या तरी पर्समधून जाते आहे, हे लक्षात आलं की मला स्वस्थ बसवत नाही. म्हणून हे लिहिते आहे.

एका खाजगी कंपनीत मी एकोणीस वर्षं हिशेब विभागात आहे. हातात ३१,००० रुपये येतात. त्यातून डोंबिवलीच्या घराचा हप्ता, मुलीची कॉलेजची फी, सासूबाईंची औषधं, किराणा. महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात या जेवणासाठी म्हणून बाजूला काढता येतील असे माझ्याकडे १,५०० रुपये होते. तेही मुलीच्या चष्म्याचं काम पुढच्या महिन्यावर ढकलून.

'स्मार्ट' म्हणजे नीटनेटकं आणि 'कॅज्युअल' म्हणजे सहज, एवढं मला कळत होतं. पण नीटनेटकं किती आणि सहज किती? आमच्याकडे कर्मचाऱ्यांचं बघणारी तरुण मुलगी आहे, तिला विचारलं. ती म्हणाली, "मॅडम, फार ट्रॅडिशनल नको, फार ऑफिसचं पण नको. तुम्हाला कम्फर्टेबल वाटेल ते." मला कम्फर्टेबल वाटतो तो माझा घरातला गाऊन! शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याला विचारलं, तुम्ही काय घालणार? त्याला प्रश्नच नीट कळला नाही. "हाच शर्ट. टाय नाही लावणार," म्हणाला.

न जाण्याची किंमत

मग जायलाच हवं का? न जाण्याचा अनुभव मी घेतलेला आहे. आधीची दोन वर्षं अशा जेवणांना मी गेले नाही. रात्री उशीर होतो, घरी सासूबाई एकट्या, आणि खरं सांगायचं तर घालायला काही नाही ही लाजही होती. गेल्या वर्षी आमच्या विभागात वरची जागा रिकामी झाली. माझ्यानंतर सहा वर्षांनी लागलेल्या एका गृहस्थांना ती मिळाली. मी साहेबांना विचारायला गेले. ते म्हणाले, "तुमच्या कामाबद्दल काही तक्रार नाही मॅडम. पण तुम्ही मिसळत नाही."

मिसळायचं कुठे, तर या जेवणांत. कोणता ग्राहक टिकणार, कोणत्या शाखेत माणसं वाढणार, कोणाला पुढे करायचं, हे तिथे बोललं जातं. सोमवारी ऑफिसात येतं ते ठरलेलं येतं. म्हणजे हे जेवण कामाचाच भाग आहे, फक्त ते नेमणूकपत्रात लिहिलेलं नाही. त्याचा मोबदलाही कुठे लिहिलेला नाही. आणि जी जाणार नाही तिचं मात्र नुकसान ठरलेलं आहे.

म्हणून या वेळी जायचं ठरवलं.

बायकांच्या डब्यात

मंगळवारी ऑफिस सुटल्यावर दादरला उतरले. हिंडून हिंडून एक कुडता घेतला, काळसर निळा, १,१५० रुपयांचा. दुकानातल्या झगझगीत दिव्याखाली छान दिसला. घरी घालून पाहिला तर काखेत घट्ट, आणि लांबी अशी की मुलगी म्हणाली, "आई, हा माझ्या कॉलेजचा वाटतो." दुसऱ्या दिवशी परत घेऊन गेले. बदलून मिळेल, पैसे परत मिळणार नाहीत. मोठ्या मापाचा आहे का? मोठ्या मापात फक्त लग्नसमारंभाचे आहेत. चाळिशी ओलांडलेल्या, अंगाने भरलेल्या बाईने कामाच्या ठिकाणी नीटनेटकं आणि सहज दिसावं असं बहुधा कापड व्यापाऱ्यांना वाटत नाही. कुडता मुलीला दिला. माझे पैसे गेले.

सकाळच्या गाडीत आमचा पाचजणींचा गट आहे. त्यांच्यापुढे विषय काढला, आणि विक्रोळी येईपर्यंत संपला नाही. एक नर्स आहे. ती म्हणाली, "माझं बरं. युनिफॉर्म आहे, विचार करायला नको." सरकारी कार्यालयात असलेलीने २०२० चं परिपत्रक काढलं. त्या वर्षी डिसेंबरमध्ये राज्य सरकारने आपल्या कर्मचाऱ्यांनी काय घालावं याच्या सूचना दिल्या होत्या. त्यात जीन्स, टी-शर्ट नको, स्लिपर नको, आणि शुक्रवारी खादी वापरावी असं होतं. शिक्षिका असलेली म्हणाली, "तुमचं जाऊ दे, आमचं बघा." मार्च २०२४ मध्ये शालेय शिक्षण विभागाने शिक्षकांसाठी निर्णय काढला. त्यात बायकांनी साडी किंवा सलवार-कुडता-ओढणी असा पोशाख करावा असं सांगितलं होतं. पुरुषांनी शर्ट पँटीत खोचावा असंही त्यात होतं. हसलो आम्ही. पण शर्ट खोचायला पैसे पडत नाहीत, हे शिक्षिकेनेच दाखवून दिलं.

मग नर्सला दिल्लीची गोष्ट आठवली. सप्टेंबर २०२१ मध्ये दिल्लीतल्या एका उपाहारगृहात साडी नेसून आलेल्या बाईंना आत घेतलं नाही. साडी ही स्मार्ट कॅज्युअलमध्ये बसत नाही, असं तिथली कर्मचारी बोलतानाचं चित्रण देशभर पसरलं. नंतर उपाहारगृहाने वेगळी बाजू मांडली, राष्ट्रीय महिला आयोगाने दखल घेतली, आणि परवाना नसल्याच्या कारणावरून ती जागाच बंद झाली. पण "साडी चालत नाही" हे वाक्य एका नोकरदार मुलीच्या तोंडून आलं, हे मला विसरता येत नाही. तिला ते कोणी तरी शिकवलं असणार. तिचा स्वतःचा पोशाखही कोणी तरी ठरवून दिलेला असणार.

शाळेत साडी चालते, हॉटेलात चालत नाही. सरकारी कार्यालयात २०२० च्या परिपत्रकाप्रमाणे जीन्स चालत नव्हती, आमच्यासारख्या कंपनीत पंजाबी ड्रेस 'फार ऑफिसचा'. जागा बदलली की नियम बदलतो. तो करणारी बाई नसते, त्याप्रमाणे कपाट भरायचं ते मात्र बाईनेच, आणि स्वतःच्या पगारातून. केरळ सरकारने २०२१ मध्ये शिक्षिकांना साडीची सक्ती नाही, असं स्पष्ट केलं, ही गोष्ट आमच्या शिक्षिका मैत्रिणीला माहीतच नव्हती. तिने ती वहीत टिपून घेतली.

साधेपणा कोणाला परवडतो?

संध्याकाळी आमच्या मंडळातल्या एका जुन्या ताईंना फोन केला. त्यांचं मत घेतल्याशिवाय मला चैन पडत नाही. त्या म्हणाल्या, "अगं, एवढा काय विचार करतेस? साधी सुती साडी नेस, खांद्याला झोळी लाव आणि ताठ मानेने जा. आम्ही मंत्र्यांच्या बैठकांना अशाच गेलो."

ताईंबद्दल मला फार आदर आहे. त्या गेल्या हे खरं आहे. पण या वेळी त्यांचं म्हणणं मला पटलं नाही, आणि ते इथे मोकळेपणाने लिहावंसं वाटतं, कारण हे वाचणाऱ्यांत त्यांच्यासारख्या पुष्कळजणी आहेत.

ताई सुती साडीत गेल्या की समोरच्याला त्यांचा साधेपणा दिसतो. त्यांची भाषा, त्यांचं आडनाव, त्यांचं शिक्षण हे साडीच्या आधी खोलीत शिरतं. आमच्या रिसेप्शनवरच्या मुलीने तीच साडी नेसली तर लोकांना तिची गरिबी दिसेल. ती कळव्याच्या वस्तीत राहते, रात्रीच्या कॉलेजात शिकून पदवीधर झाली, घरातली पगार आणणारी पहिली मुलगी. साधेपणा हाही एक पोशाख आहे आणि तो सगळ्यांच्या अंगावर सारखा बसत नाही. शिवाय पैशांचं बघायचं तर हातमागाची साधी सुती साडी फार स्वस्त मिळत नाही. साडेतीनशेला मिळते ती चमकणारी पॉलिएस्टर, जी पाहून आपण मनात म्हणतो, काय हा भडकपणा!

कपड्यांना महत्त्व देऊ नका, हे ज्यांचा मान कपड्यांवर अवलंबून नाही त्यांनी म्हणणं सोपं आहे. महाडला डिसेंबर १९२७ मध्ये बाबासाहेब आंबेडकर स्त्रियांशी वेगळं बोलले, तेव्हा कपड्यांचा विषय त्यांनी क्षुल्लक मानला नाही. अस्पृश्यतेची खूण म्हणून ओळखली जाणारी गुडघ्यापर्यंतची साडी आणि अंगावरचे जड चांदीचे-कथलाचे दागिने सोडा, सवर्ण स्त्रिया नेसतात तशी घोट्यापर्यंत साडी नेसा, असं त्यांनी सांगितलं. त्या बायकांनी ते तिथल्या तिथे अमलात आणलं. त्यांच्यासाठी साडी चार बोटं खाली येणं ही हौस नव्हती. आपण कोण हे आता आपण सांगणार, असं त्याचा अर्थ होता.

रिसेप्शनवरच्या मुलीने त्या जेवणासाठी २,४०० रुपयांचा ड्रेस घेतला आणि ९०० च्या उंच टाचांच्या सँडल. फोनवरून, आत्ता घ्या नंतर द्या या पद्धतीने, हप्त्यावर. तिचा पगार १६,०००. हे कळल्यावर मी तिला चार शब्द सुनावणार होते. तोंड उघडलं होतं. तेवढ्यात आठवलं की मी स्वतः ११५० रुपयांचा कुडता पाण्यात घातला आहे, तोही तिच्यापेक्षा दुप्पट पगार आणि दुप्पट वय असताना. आणि गाडीत रोज समोरच्या मुलींच्या कपड्यांवर आम्ही पाचजणी काय काय बोलतो तेही आठवलं. नियम करणाऱ्यांत आम्ही नसू, पण राबवणाऱ्यांत आहोत. मी गप्प बसले. नंतर इतकंच विचारलं, "हप्ता किती महिने?" "तीन, ताई." "चुकवू नकोस. दंड जबर असतो."

शेवटी काय घातलं

गुरुवारी रात्री कपाटाच्या तळातून आईची इरकल काढली. आई सोलापूरची. काळं अंग, लाल टोपपदर, साधे काठ. दिवाळीच्या आधी बोहारणीला द्यायच्या गाठोड्यात ती घातली होती, एका पातेल्याच्या बदल्यात जाणार होती. त्या दिवशी बोहारीण आली नाही म्हणून राहिली. काळं ब्लाऊज माझ्याकडे होतं, पण घट्ट झालेलं. खालच्या मजल्यावर शिवणकाम करणाऱ्या बाईंनी आतल्या दोन शिलाया उसवून दिल्या, ८० रुपये. आत कापड सोडलेलं होतं म्हणून जमलं. मैत्रिणींनो, ब्लाऊज शिवताना आत दोन बोटं कापड सोडायला सांगत जा. साडीला इस्त्री ५०. चपलेचा अंगठा शिवून पॉलिश, ६०. गाडीत कानातली विकायला येते तिच्याकडून काळ्या खड्यांची जोडी ४० ला. एकूण २३०.

अनुभवाने सांगायचं तर, कमी पैशांत निभवायचं असेल तेव्हा आधी घरातलं कपाट पूर्ण बाहेर काढावं, मग दुकानात जावं. मी उलट केलं. नवीन काही घ्यायचंच झालं तर असं घ्यावं जे सोमवारी ऑफिसात घालता येईल. एकरंगी कुडता आणि सरळ पँट, किंवा एकरंगी साडीवर काळं ब्लाऊज, यावर कोणी बोट ठेवत नाही. उसनं मागायला लाजू नये. पुरुष एकमेकांची मोटारसायकल मागतात, आपण साडी मागितली तर काय बिघडलं? गाडीतल्या नर्सने मला तिची पर्स दिली होती.

शुक्रवारी दिवसभराचं काम करून सात वाजता ऑफिसच्या बाथरूममध्ये साडी नेसले. तिथे पिशवी अडकवायला खुंटी नाही. जमीन ओली. साफसफाईच्या मावशींनी माझी पिशवी धरली, निऱ्या नीट केल्या, पदराला पिन लावली. म्हणाल्या, "मॅडम, लई छान दिसतंय." मी विचारलं, "तुम्हाला मेल नाही आला?" त्या हसल्या. त्या कंत्राटदाराकडून आहेत. त्यांचा निळा युनिफॉर्म आहे आणि त्याचे पैसे पहिल्या दोन पगारांतून कापून घेतले होते. कोणत्या नियमाने, ते त्यांना कोणी सांगितलं नाही. त्यांनीही विचारलं नाही, आणि आम्हीही आजवर विचारलं नव्हतं.

ते जेवण

हॉटेल एका जुन्या गिरणीच्या आवारात होतं. चिमणी अजून उभी आहे, तिच्यावर रंगीत दिवे सोडलेत. माझे सासरे गिरणीत होते. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या संपानंतर त्यांना पुन्हा काम मिळालं नाही. या गिरण्यांत बायकाही होत्या, वाइंडिंग आणि रीलिंग खात्यात. सबंध देशाचं अंग झाकणारं कापड इथे निघायचं. आज त्याच आवारात कोणाच्या अंगावर कोणतं कापड आहे यावरून आत जायचं की नाही ते ठरतं.

जेवण ठीक झालं. माझ्या साडीबद्दल ग्राहकांपैकी बाईंनी आपुलकीने विचारलं, मी त्यांना इरकलीबद्दल सांगितलं, आणि त्यानिमित्ताने तासभर बोलणं झालं, थकलेल्या बिलांबद्दलसुद्धा. म्हणजे 'मिसळणं' मला जमत होतं. माझ्याकडे फक्त संधी नव्हती. साहेबांनी ते पाहिलं.

रिसेप्शनवरच्या मुलीची संध्याकाळ तशी गेली नाही. मुख्य कार्यालयातले एक गृहस्थ तिच्या ड्रेसवर तीनदा बोलले, चौथ्यांदा फोटोसाठी खांद्यावर हात ठेवला. ती हसत होती, जसं आपण सगळ्याजणी हसतो. मी उठून तिच्या शेजारी जाऊन बसले. नंतर तिला सांगितलं, आणि इथे सर्वांसाठी लिहिते. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाबद्दलचा २०१३ चा कायदा फक्त ऑफिसच्या चार भिंतींपुरता नाही. कामाच्या निमित्ताने आपण जिथे जातो ती जागा आणि त्यासाठी मालकाने दिलेलं वाहनसुद्धा त्यात कामाचं ठिकाण धरलेलं आहे. कंत्राटी बाईही त्यात कर्मचारीच आहे. मावशींना जेवणाच्या यादीत जागा नाही, पण त्या कायद्यात आहे. १९९७ च्या विशाखा निकालापासून इथवर यायला सोळा वर्षं लागली, आणि त्यामागे राजस्थानातल्या भंवरीदेवींची लढाई होती. तेव्हा "असं कसं घातलंस" हे कोणी म्हणालं, तर त्याने कायदा बदलत नाही. तक्रार करायची की नाही हे तिने ठरवायचं आहे. करेल तेव्हा मी साक्ष देणार आहे, एवढं तिला सांगून ठेवलं आहे.

साडेअकरा वाजले. साहेबांच्या गाडीत पुढच्या भागात राहणारे तिघे पुरुष बसून गेले. आम्ही दोघी राहिलो. मी करी रोडपर्यंत चालत जाऊन गाडी पकडायची ठरवलं होतं. पण तिच्या पायात त्या टाचा, अंगात तो ड्रेस, आणि त्या निर्मनुष्य रस्त्याने चालायला ती घाबरली. तेव्हा मला 'स्मार्ट कॅज्युअल'चा अर्थ नीट कळला. तो पोशाख हॉटेलच्या दारात मोटारीतून उतरणाऱ्या आणि दारातूनच मोटारीत बसणाऱ्या माणसासाठी आहे. लोकलने येणाऱ्या बाईला त्याच्यासाठी पैसे मोजल्यावर घरी पोचायचे पैसे वेगळे मोजावे लागतात. टॅक्सी केली. आधी तिला कळव्याला सोडलं, मग मी डोंबिवली. १,३०० रुपये, निम्मे निम्मे.

जमाखर्च

आता हिशेब. माझा कुडता १,१५०, साडीवरचा खर्च २३०, टॅक्सी ६५०. एकूण २,०३०, म्हणजे जवळपास पावणेदोन दिवसांचा पगार. तिचे कपडे आणि सँडल ३,३००, टॅक्सी ६५०. एकूण ३,९५०, म्हणजे तिचा सहा दिवसांहून जास्त पगार. शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याचा खर्च शून्य. कंपनीच्या वहीत आम्हा दोघींच्या नावावर या संध्याकाळचा एक रुपयाही नाही.

सोमवारी आम्ही ऑफिसातल्या सहाजणी जेवणाच्या सुट्टीत बसलो. एक कागद तयार केला. चार मागण्या लिहिल्या. एक, निमंत्रणात पोशाखाची ओळ नको. लिहायचीच असेल तर 'ऑफिसात येता तसे या' एवढं लिहा. दोन, ग्राहकांबरोबरचं जेवण शक्यतो दुपारी ठेवा. तीन, रात्रीच ठेवलंत तर प्रत्येक बाईला घराच्या दारापर्यंत गाडी द्या. चार, कंत्राटी बायकांना बोलवा, आणि त्यांच्या युनिफॉर्मचे पैसे कापणं थांबवा.

तिसरी मागणी आम्ही हवेतून काढलेली नाही. दुकाने व आस्थापनांसाठीच्या २०१७ च्या महाराष्ट्राच्या कायद्यात रात्री साडेनऊनंतर बाईला काम द्यायचं तर तिची संमती, तिची सुरक्षितता आणि घराच्या दारापर्यंत वाहन, अशा अटी घातल्या गेल्या. साहेब म्हणाले, जेवण म्हणजे काम नव्हे. मी म्हटलं, मग गेल्या वर्षी मी मिसळत नाही म्हणून जागा का दिली नाहीत? ते काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी गाडीची मागणी मान्य झाल्याचं पत्र आलं. पोशाखाची ओळ 'पाहू' म्हणाले. दुपारच्या जेवणाला ग्राहक तयार नसतात म्हणाले. कंत्राटी बायकांबद्दल 'तो कंत्राटदाराचा विषय आहे'.

म्हणजे चारातली एक. जिचा फायदा आम्हा पगारी बायकांना आहे तेवढीच एक मिळाली, हे आमच्या लक्षात आहे. मावशींच्या पगारपावत्या आता आम्ही गोळा करतो आहोत. त्यांच्यापैकी तिघींनी दिल्या, दोघी घाबरतात. घाबरणं बरोबरच आहे, त्यांची नोकरी एका फोनवर जाते. मंडळातल्या वकील मैत्रिणीकडे ते कागद नेणार आहोत.

माझं म्हणणं थोडक्यात असं. कामासाठी बाईने कसं दिसावं हे जो ठरवतो, त्याने त्याचा खर्च उचलावा, नाही तर ठरवू नये. आणि हा खर्च आपण प्रत्येकीने आपापल्या कपाटापुढे एकट्याने, लाजत, उसनवारी करत भागवण्याऐवजी कागदावर मांडावा. मांडला की तो दिसतो. तुमच्या ऑफिसात, शाळेत, दुकानात, दवाखान्यात नोकरीसाठी म्हणून कपड्यांवर, चपलांवर, इस्त्रीवर, रात्रीच्या रिक्षावर वर्षात किती खर्च झाला, ते एका कागदावर लिहून मंडळाच्या पुढच्या बैठकीला आणा. युनिफॉर्म असलेल्या बायकांना तर आवर्जून विचारा, त्याचे पैसे कोण भरतं.

आईची इरकल धुऊन घडी करून ठेवली आहे. कोणाला जेवणाला जायचं असेल तर सांगा. ब्लाऊजचं मात्र तुमचं तुम्हाला बघावं लागेल.